ढगाळ दिवसाची रेषा

या, जरा जवळ सरकून बसा. कॉफी अजून गरम आहे, बाहेर भुरभुर लागली आहे, आणि घरी जायची घाई कुणालाच दिसत नाही. मग ऐका आमच्या हेरन नदीकाठची एक गोष्ट. प्रेमाची आहे... पण घाबरू नका, चॅपेलच्या, आमच्या प्रार्थनाघराच्या, पायरीवर बसूनही सांगता येईल अशी आहे. मी ती खूपदा सांगितली आहे.

मिनेसोटा तेव्हा अमेरिकेचं राज्य झालेलं नव्हतं. इथल्या मूळच्या डकोटा लोकांशी झालेल्या तहाची शाई वाळली न वाळली, तोच आम्ही वेल्श माणसं गाड्या जुंपून इथं येऊन वसलो होतो. लाकडी घरं उभी राहिली, चॅपेलवर छप्पर चढलं, मका निघू लागला; जमीन मात्र अजून कुणाच्याच नावावर नव्हती. आधी राहायचं, मग सरकारचे मोजणीदार येणार, रेषा ओढणार, नकाशा काढणार, आणि मग जमिनीच्या कचेरीत जाऊन आपापला चौकोन नावावर करून घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत. तोवर ज्यानं त्यानं आपली हद्द पावलं टाकून ठरवलेली. आणि पावलं ज्याची त्याच्या सोयीची!

ग्वेन्लियन प्रॉसर आणि तिची आई मार्गेदबाई या दोघी नदीच्या पूर्वेच्या उतारावर राहायच्या. वडील पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेले. दोघींच्या हाती उरलं काय, तर चार गाई आणि एक झरा. पण झरा काय होता, म्हणून सांगू! उन्हाळ्यात दात शिवशिवतील असा गार, आणि थंडीत सगळी नदी दगड झाली तरी हा आपला वाहतोय. मार्गेदबाईंनी त्यावर दगडी दूधघर बांधलं होतं. वाहत्या पाण्यात दुधाची भांडी ठेवायची, वरची साय काढायची, लोणी घुसळायचं. त्यांचं लोणी बोटीच्या धक्क्यापर्यंत घट्टच्या घट्ट पोचायचं. बाकीच्यांचं वाटेतच रडू लागायचं. झरा होता म्हणून लोणी होतं, आणि लोणी होतं म्हणून घर होतं.

झऱ्याच्या पलीकडे, पश्चिमेला, रीस पू यांची जमीन. एकटा माणूस, मनानं सज्जन. चॅपेलमध्ये पद उचलून द्यायचं काम त्यांच्याकडे, पण पट्टी धरायचे ती अशी उंच की म्हाताऱ्या माणसांना धाप लागावी. एकदा मार्गेदबाई भर चॅपेलात म्हणाल्या, "रीस पू, आम्हाला स्वर्गात न्यायला देव समर्थ आहे, तुम्ही मानेला धरून कशाला ओढता?" सगळे हसले. रीस पू हसले नाहीत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मार्गेदबाई गाण्याच्या बाकावरून उठल्या, त्या मागं दाराशी जाऊन बसू लागल्या.

आणि या अबोला धरलेल्या दोघांच्या मधून आता सरकारची रेषा जाणार होती.

शनिवार होता. आभाळ राखेसारखं, ऊन नाही, वारा नाही. ग्वेन पदांच्या तालमीला निघाली होती, आणि अंगावर होता युटिका शहरातल्या मावशीनं पाठवलेला नवाकोरा घेरदार घागरा. त्या वर्षीची नवी तऱ्हा होती ती. आत पोलादी पट्ट्यांची कडी, एकाखाली एक, आणि त्यावर निळं कापड. आमच्या खोऱ्यात असा दुसरा नव्हता. मार्गेदबाई म्हणाल्या होत्या, "बाईच्या जातीनं आपणहून पिंजऱ्यात कशाला शिरावं?" पण ग्वेन एकोणीस वर्षांची होती, आणि चालताना तो घागरा घंटेसारखा झुलत होता... काय सांगावं!

झऱ्याच्या खालच्या अंगाला तिला हाका ऐकू आल्या. "रोव!" एक ओरडायचा, आणि लांबून दुसरा उत्तर द्यायचा, "रोवली!" साखळी ताणून, टोकाशी सळई रोवत जमीन मोजणाऱ्यांच्या त्या हाका. आणि अलीकडे, तिवईवरच्या यंत्रावर वाकलेला एक तरुण. टोपी मागं सरकलेली, कानामागं पेन्सिल. ग्वेन हलकेच त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

त्यानं मान वर न करताच कपाळाला आठ्या घातल्या. "ऑरिन, कुऱ्हाड घेऊन माझ्याजवळ येऊ नकोस, किती वेळा सांगायचं? सुई नाचायला लागते."

"माझ्याकडे कुऱ्हाड नाही," ग्वेन म्हणाली.

तो गर्रकन वळला. पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "नाहीये खरी."

"ऑरिनही नाही मी."

"तेही... लक्षात आलं." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. "लायमन ट्रास्क. व्हर्माँटचा. सरकारी मोजणीदार."

"ग्वेन्लियन प्रॉसर. या उताराची." ती यंत्राकडे झुकली. "काय चाललंय?"

"रेषा ओढतोय."

"मला तर कुठं दिसत नाही."

"ती नकाशात दिसते."

"म्हणजे आत्ता नुसतीच हवा?"

"आत्ता..." तो जरा घुटमळला. "आत्ता विश्वास."

"विश्वासाचं आम्ही रविवारी ऐकतो. तुमचा विश्वास कुणावर?"

"एरवी सूर्यावर. ते बघा, त्या पेटीत माझं सूर्ययंत्र आहे. सूर्य धरून उत्तर दिशा दाखवतं, कधी चुकत नाही. पण ऊन नसलं की आंधळं. मग होकायंत्राच्या सुईवर भागवायचं."

"आणि सुईचा भरवसा?"

"लोखंड जवळ नसलं, तर सुईसारखं प्रामाणिक कुणी नाही." असं म्हणून तो यंत्रावर वाकला. सुई आता शांत होती. शांत असणारच, ग्वेन एका जागी उभी होती ना! बिचाऱ्या ऑरिन पॅचला, आपल्या मदतनिसाला, त्यानं कुऱ्हाडीसकट लांब हाकललं होतं. साखळी दूर होती. चाकूसुद्धा त्यानं खिशातून काढून ठेवला होता. आणि पोलादी कड्यांचा तो निळा डोलारा हातभर अंतरावर! पण त्या दिवसांत कुठल्या तरुण माणसाला, बाईच्या घागऱ्यात काय आहे, असा विचार करायची हिंमत होती? मनात आला असता तरी त्यानं तो देवाला भिऊन परत पाठवला असता.

त्यानं डोळा लावला, हात वर केला. लांबच्या माणसानं झेंडा हलवला.

"कुठून जाणार?" ग्वेननं विचारलं. आता तिचा आवाज हसरा नव्हता. "मि. ट्रास्क... ते दूधघर दिसतंय? तिथं झरा आहे आमचा. रेषा त्याच्या अलीकडून जाणार की पलीकडून?"

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. असं विचारणारे त्याला रोज भेटायचे. कुणी धमकी द्यायचं, कुणी दारू पुढं करायचं. हिनं दोन्ही हात नुसते घट्ट मिटून धरले होते.

"रेषा मी वळवत नाही, मिस प्रॉसर. ती जाईल तिकडे मी जातो. या माझ्याबरोबर."

ती गेली. तो थांबेल तिथं थांबत, तो बघेल तिकडे बघत, त्याच्या कोपरापाशी. आणि रेषा झऱ्याच्या पलीकडून गेली. पश्चिमेनं! झरा, दूधघर, सगळं प्रॉसरांच्या बाजूला. खुंट ठोकला गेला, ऑरिननं जवळच्या दोन ओक झाडांची साल काढून साक्षीच्या खुणा कोरल्या, आणि ग्वेन तालीम विसरून, घागरा वर धरून, आईला सांगायला धावत सुटली.

"साहेब," ऑरिन पॅच दाढी खाजवत म्हणाला, "रेषा संपली. मान वळवा आता."

मोजणीदारांचा मुक्काम नदीच्या वळणावर पडला. नदीचा काठ मोजायचा होता. काठ म्हणजे वेळखाऊ काम, वळणावळणानं जावं लागतं. त्यामुळे दिवस लांबले... आणि कुणाचीच तक्रार नव्हती. ग्वेन रोज लोणी घेऊन जायची. मुक्कामावरच्या माणसांना खारवलेलं डुकराचं मांस आणि पाव खाऊन कंटाळा आला होता; ताजं लोणी बघून त्यांनी टोप्या उडवल्या. "बाई," ऑरिन म्हणाला, "हे लोणी आमच्यासाठी आहे की साहेबांसाठी, तेवढं सांगा. म्हणजे किती खायचं ते कळेल."

"तुमच्यासाठी."

"मग साहेबांसाठी काय?"

"साहेबांना पोटापेक्षा डोळ्यांना जास्त लागतं, असं ऐकलंय," ग्वेन म्हणाली. लायमननं त्या दिवशी कॉफीत मीठ घातलं.

एका पावसाळी दुपारी तो तंबूत कच्चा नकाशा काढत बसला होता. फळीवर कागद ताणलेला, बाजूला निळ्या रंगाची वाटी. ग्वेन टोपली घेऊन आत आली. ओली, श्वास लागलेली. केसांच्या बटांतून थेंब ओघळत होते. आणि अंगात तोच घागरा. गाईंच्या कामाला हा घागरा कशाला, असं मार्गेदबाईंनी विचारलं होतंच.

"ही आमची नदी?" ती वाकून बघू लागली. "एवढी वाकडी?"

"वाकडी नाही. तिला घाई नाही."

"आणि या तुमच्या सरळ रेषांना?"

"त्यांना फार घाई असते. नदी दिसली की मात्र थांबतात... वाट बघतात." कुंचला हातात तसाच राहिला. "आम्हालाही मग काठाकाठानं हिंडावं लागतं. ती नेईल तिकडे."

"मग नेते कुठं?"

"अजून कळलेलं नाही. पण हिंडायला बरं वाटतंय."

ग्वेन लाजली. नजर कुठं ठेवावी कळेना म्हणून तिनं ती फळीच्या कडेला ठेवलेल्या होकायंत्रावर ठेवली, आणि तिला गंमत वाटली. ती एक पाऊल पुढं सरकली, मागं सरकली, पुन्हा पुढं.

"मि. ट्रास्क," ती हसत म्हणाली, "तुमची सुईसुद्धा माझ्याकडेच बघते हो!"

तोही हसला. हसता हसता त्यानं सुईकडे बघितलं. ती पुढं सरकली; सुई वळली. ती मागं गेली, सुई परतली. लायमनच्या चेहऱ्यावरचं हसू असं उतरलं, जसं दिव्यातलं तेल संपावं.

"मिस प्रॉसर... माफ करा. विचारू नये ते विचारतो. तुमच्या... त्या... आत लोखंड आहे?"

"पोलाद आहे," ग्वेन म्हणाली. "कडी असतात ना."

"त्या शनिवारीही?"

ग्वेननं मान हलवली. तंबूवर पाऊस पडत होता, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर तीच जागा होती. तो वाकलेला, ती त्याच्या कोपरापाशी, आणि रेषा हळूच पश्चिमेला सरकत चाललेली.

"मैलाच्या शेवटी माप जरा चुकत होतं," लायमन स्वतःशीच म्हणाला. "मी नदीला दोष दिला."

"म्हणजे झरा..."

"पूर्वेला सरकली पाहिजे रेषा. फार नाही. पण झऱ्याच्या अलीकडे येईल."

ग्वेननं तंबूचा खांब धरला. "खुंट ठोकून झालाय. झाडांवर खुणा झाल्यात. तुम्ही इतक्या जमिनीवर रेषा ओढता, हा एवढासा फरक कुणाला दिसणार?"

"नकाशा मंजूर झाला की कुणालाच नाही. मग तीच खरी रेषा, कायमची. मी शपथ घेतली आहे, मिस प्रॉसर, पण..." त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत एवढी माया होती, एवढी भीती होती, की ग्वेनला तिथून पळून जावंसं वाटलं. "सोमवारी आम्ही इथून हलणार. तुम्ही म्हणाल तसं करतो. तुम्ही म्हणालात तर मी तोंड उघडणार नाही."

कुठल्याही मुलीला किती गोड वाटावं असं ते वाक्य! पण ग्वेन घरी गेली ती पायात दगड बांधल्यासारखी. आई दूधघरात लोणी धूत होती, गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं, भिजलीस की! काय गं, तो मोजणीवाला काही बोलला का?"

"नाही आई. काही नाही."

रविवारी पाद्री हाउएल बेब यांचं प्रवचन होतं. ज्यांनी त्यांना ऐकलं, त्यांना मी काय सांगणार! आधी बोलायचे, अगदी शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. मग हळूहळू शब्दांना सूर चढायचा, सुराला चाल लागायची, आणि बोलता बोलता प्रवचनाचं गाणं कधी झालं हे कळायचंच नाही. बाकांवरची माणसं डोलू लागायची, म्हातारी माणसं "आमेन, आमेन" करत डोळे पुसायची. देव आमच्याशी वेल्शमध्ये बोलतो आणि तोही गाऊन बोलतो, अशी आमची लहानपणापासूनची समजूत.

त्या दिवशी त्यांनी बायबलातल्या हागारची कथा लावली होती. घरातून काढलेली हागार वाळवंटात भटकते आहे. पखालीतलं पाणी संपलं. लेकराला झुडपाखाली निजवलं आणि स्वतः दूर जाऊन बसली... पाठ फिरवून. त्याचं मरण बघवत नाही म्हणून.

"पाठ फिरवून!" बेबमहाराजांचा आवाज चढला. "बाई, किती वेळ अशी बसशील? देवानं तिच्यासाठी नवी विहीर खणली का हो? नाही! विहीर तिथंच होती. तिच्या पाठीशी होती! देवानं काय केलं? देवानं तिचे डोळे उघडले... डोळे उघडले... आणि तिनं मान वळवली!"

ते दोन शब्द त्यांनी किती परींनी गायले, मला सांगता येणार नाही. चार दिवस आपण पाठ फिरवून बसलो आहोत, हे ग्वेनला कळलं. पुढच्या बाकावर रीस पू बसले होते. कॉलरला स्वतःच्याच हातानं घातलेलं वेडंवाकडं ठिगळ, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. त्यांचं काय घेतलं जातंय, त्यांना माहीतही नव्हतं.

सोमवारी लख्ख ऊन पडलं. लायमन ट्रास्क झऱ्याखालच्या पहिल्या खुंटापाशी उभा होता. सूर्ययंत्र तिवईवर चढवलेलं, पण साखळी अजून उलगडली नव्हती. उतारावरून ग्वेन येताना दिसली. साधा तपकिरी झगा, कमरेला एप्रन. घेर नाही, डौल नाही, वाऱ्यानं कापड पायांना चिकटत होतं.

"लोखंड घरी ठेवून आलेय," ती म्हणाली. "पुन्हा ओढा रेषा."

"मी पहाटेपासून इथं उभा आहे," लायमन म्हणाला. "तुम्हाला न विचारता ओढायचं धैर्य होईना, आणि न ओढता निघून जायचंही."

"मग आता काय करणार?"

"आता ओढतो." त्यानं टोपी मागं सारली. "लांब उभ्या राहा म्हणणार होतो. पण आज गरज नाही. हे यंत्र फक्त सूर्याकडे बघतं."

"आणि तुम्ही?"

"माझं काही सांगता येत नाही."

"बाई, थांबा इथंच," कुऱ्हाड खांद्यावर टाकत ऑरिन म्हणाला. "तुम्ही नसलात तर हे झाडाला जाऊन धडकतात."

हसत हसत निघाले सगळे, पण झऱ्याजवळ येताच हसणं थांबलं. रोव... रोवली... रोव... रोवली... रेषा दूधघराच्या पूर्वेच्या भिंतीला जवळजवळ घासून गेली. झरा पलीकडे राहिला. ऑरिननं जुन्या खुणा तासून टाकल्या.

"एक वाट आहे," लायमन हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येकाच्या चौकोनाचे चार तुकडे असतात. दोघं राजी असले, तर एक तुकडा देऊन दुसरा घेता येतो. कचेरीत चालतं ते. पण रीस पू राजी व्हायला हवेत."

"रीसकाका? आईचं नाव निघालं तर ते टोपी डोळ्यांवर ओढतात!"

ती दूधघरात गेली. "आई, झरा आपला नाही."

मार्गेदबाईंच्या हातातला लाकडी चमचा थांबला. "कोण म्हणतं?"

"सूर्य," ग्वेन म्हणाली, आणि रडत रडत सगळं सांगितलं. सुई, घागरा, तंबू, हागार. मार्गेदबाई आधी युटिकाच्या बहिणीवर घसरल्या, मग कडी घडवणाऱ्या लोहारावर, मग सरकारवर. मग दगडावर बसल्या. त्यांनी वाहत्या पाण्यात हात बुडवले.

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं कळलं."

"आणि तू रोज हे पाणी प्यायली असतीस." त्यांनी एप्रनला हात पुसले, टोपडं बांधलं. "चल. तू पण ये. एकटीनं गेले तर मी भांडेन."

रीस पू मक्याच्या शेतात होते. मार्गेदबाईंना बांधावर बघून त्यांनी खरोखरच टोपी खाली ओढली.

"रीस पू," मार्गेदबाई म्हणाल्या, आणि बांध ओलांडून पुढं आल्या. मग एका दमात: "रेषा बदलली. झरा तुमच्या बाजूला गेला. चुकून माझ्या बाजूला आला होता, माझ्याच पोरीनं परत घालवला. मी तुकडा बदलून मागायला आलेय. बदल्यात मेपलांचं रान घ्या."

मेपलांचं रान! रेषेला लागूनच होतं ते. दर वसंतात त्यातून साखर निघायची, आणि ती झाडं ग्वेनच्या वडिलांनी स्वतः निवडली होती. ग्वेननं आईचा हात धरला.

"चुकून कसा आला होता?" रीस पूंनी विचारलं.

ग्वेननं सांगितलं. रीस पूंनी टोपी वर केली. त्यांची हनुवटी हलू लागली, मग खांदे, आणि मग तो एकटा, अबोल माणूस मक्यात खाली बसून असा हसला की कावळे उडाले. "सुई... घागऱ्याकडे वळली? सरकारची सुई?" मार्गेदबाई रागानं बघत राहिल्या, बघत राहिल्या... आणि त्यांनाही हसू फुटलं.

डोळे पुसत रीस पू उभे राहिले. "मार्गेदबाई, आपण आलो त्या साली डकोटा बायका इथं पाणी भरायला यायच्या. त्यांना विचारलं का कुणी झरा कुणाचा ते? मी कशाला आता माझा म्हणू? माझ्याकडे एक गाय, तीही आटलेली. घ्या तुकडा. रानही मला नको."

"फुकट नाही घेणार मी!"

"मग रान माझ्या नावावर होऊ दे, साखर तुम्ही काढा, मला एक मडकं द्या. आणि..." ते जरा अडखळले. "गाण्याच्या बाकावर परत या. तुम्ही उठून गेल्यापासून मला खालचा सूर ऐकू येत नाही. म्हणून तर अजूनच वर जातो मी."

मार्गेदबाईंनी एका शब्दानंही न भांडता मान डोलावली. माझ्या माहितीत ती पहिली आणि शेवटची वेळ.

दुसऱ्या दिवशी तंबू उतरले. गाडी नदीच्या उथळ, चार पावलांच्या पाण्यापलीकडे उभी होती. लायमन पलीकडच्या काठावर रेंगाळत होता, आणि ग्वेनही काही कारण नसताना अलीकडे बादली घेऊन आली होती. झरा घराशी असताना नदीवर बादली!

"मिस प्रॉसर, त्या दिवशी तंबूत मी सगळं तुमच्यावर टाकलं. 'तुम्ही म्हणाल तसं', म्हणालो. मला वाटलं ते प्रेम आहे. ते भित्रेपण होतं."

"मग प्रेम कुठलं?"

"ते... त्याच्या आधीचं." तो पाण्याकडे बघत होता. "आणि काल सकाळपासूनचं."

ग्वेननं बादली खाली ठेवली. "मला राग आला होता तुमचा. आणि गोडही वाटलं होतं. त्याचाच जास्त राग आला."

"अजून आहे?"

"राग? थोडा." ती हसली. "आता कुठं जाणार?"

"पश्चिमेला, बर्फ पडेपर्यंत. मग सेंट पॉलला. हिवाळाभर पक्का नकाशा काढायचा."

"त्यात आमचं घर असेल?"

"असतं ना. रेषा काढताना जी घरं दिसतात ती दाखवायची पद्धत आहे. एक छोटा काळा चौकोन, आणि शेजारी राहणाऱ्यांचं नाव."

"काय लिहाल?"

"प्रॉसर."

पाणी खडकांवरून खळखळत होतं. गाडीवरून ऑरिन मुद्दाम दुसरीकडे बघत शीळ घालत होता. ग्वेननं बादलीच्या कडीशी चाळा केला, मान खाली घातली, वर केली.

"आईपुरतं ठीक आहे," ती म्हणाली. "पण माझं धरून लिहू नका, मि. ट्रास्क. नकाशा छापून येईपर्यंत... ते चुकीचं ठरेल."

त्याला कळायला क्षणभर लागला. मोजणीदार माणूस, दोनदा बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं... आणि मग गुडघाभर पाण्यातून, बूट न काढता, तो अलीकडच्या काठावर परत आला.

पुढच्या वसंतात, नदी मोकळी होताच, पहिल्या बोटीनं आला तो. चॅपेलमध्ये लग्न लागलं, आणि आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं त्या दोघांची लेकरं-नातवंडं आहेत. ते दोघं आता टेकडीवर शेजारी शेजारी निजले आहेत, त्यांना आपण विसरणार नाहीच.

माझं मागणं दुसऱ्या माणसासाठी आहे. त्यांच्यामागं लेकरू नाही, नाव सांगणारं कुणी नाही. उद्या उतारावरून जाल, तहान लागेल, त्या झऱ्याला ओंजळ लावाल, तेव्हा पहिला घोट घेण्याआधी एवढं करा... रीस पूंची आठवण काढा.